हात मागे बांधून

साळवे बाईंचे हात मला फार कमी वेळा दिसले. वर्गात खडू धरलेला उजवा हात दिसायचा, तेवढाच. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत मुलांचं काम सुरू झालं की बाई दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या, उजव्या मुठीत डावं मनगट घट्ट धरायच्या आणि तशाच टेबलाभोवती फिरत राहायच्या. पदर खोचलेला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. तो वर सरकवायलाही हात पुढे यायचा नाही. मान मागे टाकून त्या चष्म्यातून बघायच्या. दत्तू म्हणायचा, "पोलिसानं धरल्यावानी चालत्यात बाई."

हे सोनईच्या शाळेतलं. साल शहाण्णव असेल. मी सव्वीस वर्षांचा होतो, पाचवी ते सातवीला गणित शिकवायला नुकताच लागलो होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. बाई चाळिशीच्या. विज्ञान शिकवायच्या. प्रयोगशाळेला दोन किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, आणि त्यांना मदतनीस म्हणून नेमल्यामुळे दुसरी माझ्याकडे. त्या दुसऱ्या किल्लीबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

कागदावर त्या उपक्रमाचं नाव 'बाल यंत्र मंडळ' असं होतं. बाई त्याला टोळी म्हणायच्या. दरवर्षी पाच मुलं. निवडताना त्या गुणपत्रक बघत नसत. वर्गात येऊन विचारायच्या, "घरात काय काय उघडून मार खाल्लाय, सांगा."

दत्तू पाचवीत होता. उभा राहिला. "बॅटरी उघडली. मामाचं घड्याळ उघडलं. आन आजीची कवळी."

"कवळी उघडत नाही रे."

"म्हनून तर तुटली, बाई."

शबाना सातवीत. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत सायकलचं दुकान होतं. ती म्हणाली, "मी फ्रीव्हील उघडलं होतं. पण मार नाही बसला. अब्बांनी मलाच परत लावायला लावलं."

"किती दिवस लागले?"

"तीन. छर्रे सांडले होते सगळे."

"मग तू आधी ये," बाई म्हणाल्या. ती टोळीची प्रमुख झाली, आणि पोरांनी कुरकुर केली नाही.

टोळीचा एक कायदा होता. तो मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत पाहिलेला नाही. ज्याला युक्ती सुचली, त्यानं हात लावायचा नाही. त्यानं ती दुसऱ्याला तोंडानं समजावून सांगायची आणि दुसऱ्यानं करायची. दत्तूचा यात जीव जायचा. त्याला सुचायचं भराभर, आणि शब्द सापडायचे नाहीत. "आरं ते तिकडून न्हाई... ते वाकडं हाय ना, त्याच्या खालून... आरं व्हय, पन उलटं!" तो स्वतःच्या केसांना धरून नाचायचा. बाई हात मागे बांधून बघत राहायच्या. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाई, यात वेळ फार जातो." त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. आपल्याला कुठं कारखाना चालवायचाय?"

आणि एक शब्द तिथं बंद होता. 'दे इकडे.' कुणी कुणाच्या हातातून पाना ओढून 'दे इकडे' म्हणालं, तर त्यानं दहा मिनिटं बाईंसारखे हात मागे बांधून उभं राहायचं.

याचं कारण बाईंनी मला एकदाच सांगितलं. परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो, मान वर न करता त्या बोलल्या. त्यांचे वडील साखर कारखान्यात फिटर. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर, मुलीला शिकवायचंच म्हणून हट्टानं शिकवलं. पण घरी स्टोव्ह बिघडला आणि लेकीनं पिन हातात घेतली की वडील म्हणायचे, 'दे इकडे.' पुढे कॉलेजात जोडणी करताना सोबतची मुलं म्हणायची, 'द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं.' नोकरीत लागल्यावर शिपायानंही तेच म्हटलं. "काळे सर, सगळी माणसं चांगलीच होती," बाई म्हणाल्या. "प्रेमानंच घ्यायची काढून. पण मी तिसाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातानं एक स्क्रू पूर्ण बसवला नव्हता."

मग पुढचा पेपर ओढला. मला वाटलं, मला समजलं.

त्या वर्षी टोळीनं यंत्रमानव करायचं ठरवलं. वर्तमानपत्रात परदेशातल्या यंत्रमानवाचं चित्र आलं होतं, मोटारींना रंग देणाऱ्या. पोरांनी ते कापून फळ्याला चिकटवलं. दत्तू म्हणाला, "आपल्याकडं मोटारी कुटं हायेत? ऊस हाय." त्यामुळे यंत्र उसाचंच ठरलं. छोट्या ट्रॉलीतून उसाच्या कांड्या उचलायच्या, गाडीनं सरळ चालत जायचं आणि कारखान्यात ऊस टाकायची जागा असते, त्या गव्हाणीत नेऊन टाकायच्या. नाव ठेवलं 'हमाल'.

हमालाची हाडं गावातून आली. दोन मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरमधल्या. पंजा सायकलच्या स्पोकचा. हात हलवायला डॉक्टरांकडच्या रिकाम्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्या. बाईंनी त्या आधी पातेल्यात उकळून घेतल्या. एक सिरिंज दाबली की नळीतलं पाणी दुसरीला ढकलायचं आणि कोपर वाकायचं. ते पहिल्यांदा वाकलं तेव्हा शबानानं आपलं कोपर धरून बघितलं, जसं काही तिथंच दुखलंय.

बाजारातल्या टेपवाल्यानं मोटारी फुकट द्यायला नकार दिला होता. बाई म्हणाल्या, "फुकट नको. तुमच्याकडं बंद पडलेलं काय आहे?" त्यानं एक हॉर्न दिला. टोळीनं तो तीन दिवसांत वाजता करून नेला. तो इतका वाजता झाला की बंद होईना. बाजारातले लोक गोळा झाले. टेपवाला कानावर हात ठेवून ओरडला, "बाई, मोटारी घ्या, पण ह्याला गप करा."

एकदा हेडसर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना घेऊन आले. पदाधिकारी हमालाभोवती फिरले, म्हणाले, "याला तोंड कुठाय? यंत्रमानव म्हणता, मग डोळे पाहिजेत, तोंड पाहिजे. पाहुण्यांना नमस्कार करता आला पाहिजे."

बाई म्हणाल्या, "साहेब, तोंड दिलं की तो काम करणार नाही. आपल्याकडं किती जणांना नुसतंच तोंड आहे बघा."

पदाधिकारी हसले. हेडसर हसले नाहीत. बाईंच्या अशा बोलण्याची नोंद ठेवणारी माणसं शाळेत होती.

टोळीकडे एक वही होती. चुकांची वही. यंत्रात काही बिघडलं, ते कशानं बिघडलं हे सापडलं की ते तिच्यात लिहायचं: काय झालं, कशामुळे झालं, चूक कोणाची. आणि ज्याची चूक, त्यानं पुढे सही करायची. पोरांना या सहीचा भारी अभिमान. वर्षाअखेर कुणाच्या सह्या जास्त, त्यावरून भांडणं व्हायची. दत्तू म्हणायचा, "माझ्या सतरा हायेत. तुझ्या नऊ. तू कामच करीत न्हाई." बाईंच्याही सह्या होत्या तिच्यात. 'पाणी जास्त उकळले, नळी वितळली. चूक: व. साळवे.' माझी एकही नव्हती. मी चुकतच नव्हतो असं नाही. मी टेबलापासून थोडा लांब उभा राहायचो.

जिल्ह्याचं प्रदर्शन नगरला व्हायचं होतं, जानेवारीत. त्याच्या आधी पंधरा दिवस हमाल डावीकडे वळायला लागला. सरळ सोडला की चार फुटांवर डावीकडे ओढायचा आणि गव्हाण चुकवून टेबलाच्या पायावर आदळायचा. पोरांनी मोटारींची अदलाबदल करून पाहिली. चाकं बदलली. सेल बदलले. दत्तूनं गाडी आईच्या वजनकाट्यावर ठेवून दोन्ही बाजू तोलल्या. शबाना जेवणाच्या सुट्टीत जेवायची नाही. मी थोरल्या भावाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. मला तिसऱ्याच दिवशी शंका आली होती. डाव्या मोटारीकडे जाणाऱ्या तारेचा सेलकडचा जोड वरवर बसला होता. सोल्डर नीट वितळलंच नव्हतं. त्यामुळे त्या मोटारीला वीज कमी मिळत होती. मी बाईंना हळूच म्हणालो, "मला कळलंय काय आहे ते."

"मला सांगू नका," बाई म्हणाल्या.

"पण दिवस थोडे राहिलेत."

"मला नका सांगू आणि त्यांना तर नकाच. त्या जोडापर्यंत यायला त्यांना दोन बोटं उरलीत."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असून त्या रोज दोन-दोन तास मनगट धरून उभ्या राहात होत्या. शेवटच्या आठवड्यात मी पाहिलं, डाव्या मनगटावर उजव्या बोटांचे लाल वळ उठलेले असायचे.

निघायच्या आदल्या शनिवारी शबानाला वाटलं, डाव्या चाकाची रबराची पट्टी तिनं रुंद कापलीय, ती आतून पत्र्याला घासत असणार. दुसरी कापायला सगळी टोळी बाईंसकट तिच्या वडिलांच्या दुकानावर गेली. दुपारची वेळ. प्रयोगशाळेला बाईंनी कुलूप लावलं होतं; माझ्याकडच्या किल्लीनं उघडून मी एकटा आत गेलो. सोल्डरिंगची कांडी टेबलावरच होती.

मी का केलं, याची उत्तरं मी इतक्या वर्षांत बरीच बनवली. पोरांची कीव आली. शाळेचं नाव. बाईंचं मनगट बघवत नव्हतं. ती सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण त्या दुपारी मनात होतं ते एवढंच, की हे मला येतं. आणि बाई खूश झालेल्या मला बघायच्या होत्या. दोन मिनिटांचं काम. गाडी उलटी केली, जुना जोड सोडवला, नवा दिला, फुंकर मारली, गाडी होती तशी ठेवली.

टोळी परत आली. नवी पट्टी चढवली. हमाल निघाला आणि सरळ, रेघ मारल्यासारखा, गव्हाणीत जाऊन कांड्या टाकून थांबला. पोरं ओरडली. आणि बाईंचे हात पाठीमागून सुटले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात समोर, उघडे, लहान मुलीसारख्या टाळ्या. ते एवढं एकदाच मी पाहिलं. मी चोरून केलेल्या कामाला वाजलेल्या त्या टाळ्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मी इतका आनंदात क्वचितच असेन.

शबानानं वही काढली. 'हमाल डावीकडे ओढत होता. पट्टी रुंद कापल्यामुळे. चूक: शबाना.' ठळक सही केली. मी बघत होतो.

नगरच्या प्रदर्शनात तंबूत शंभरेक मांडण्या असतील. ज्वालामुखी, पाणचक्क्या, थर्माकोलची हृदयं. हमालापुढे गर्दी हटत नव्हती. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ बारीक अंगाचे, शांत. त्यांनी हमाल दोनदा चालवून घेतला. मग शेजारी ठेवलेली वही उचलली. ती प्रदर्शनात मांडायची बाईंचीच रीत. त्यांनी ती पानोपान वाचली. मध्येच हसले. मग शेवटची नोंद वाचून विचारलं, "शबाना कोण? जुनी पट्टी आहे का गं?"

तिनं ती कंपासपेटीत जपून ठेवली होती.

"लाव बघू परत."

तिनं लावली. हमाल सरळ गेला.

"पुन्हा."

पुन्हा सरळ गेला. शबानाच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग गेलं.

"म्हणजे आजार पट्टीचा नव्हता," ते म्हणाले. रागानं नाही, तिच्याइतकंच कोडं पडल्यासारखे. त्यांनी गाडी उलटी केली. मुलांनी दिलेले जोड सगळे ढेकळासारखे, काळपट. त्यात एक जोड तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत.

"हा कुणी दिला?"

मुलांनी वाकून पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं.

"मुलांनी नाही दिलेला," ते म्हणाले आणि बाईंकडे वळले. "बाई, सगळं इतकं सुरेख होतं. हे कशाला केलंत?"

बाईंनी तो जोड पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी गव्हाणीतल्या कांड्या सारख्या करायला लागलो होतो. जूनमध्ये माझी कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. बोललो असतो तर काय झालं असतं? हेडसर ओरडले असते. तरुण आहे, उत्साह आहे, म्हणून सोडून दिलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"टोळी माझी आहे," बाई म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

परीक्षकांनी शेरा लिहिला: 'शिक्षकांचा हस्तक्षेप.' हमाल निवडीतून बाद झाला.

परतीच्या एसटीत हमाल दत्तूच्या मांडीवर. घोडेगावच्या पुढे त्यानं विचारलं, "बाई, तुमी हात लावला व्हय?"

मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ज्यानं लावला तो सांगेल रे. वाट बघू."

"किती दिस?"

"त्याला शब्द सापडेपर्यंत. तुला नाही का वेळ लागत?"

दत्तूनं मान हलवली. त्याला ते पटलं. शबानानं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं सोडून बाईंनी असं उत्तर दिलं, यातच ती काय समजायचं ते समजली.

शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाले, "आयतं घ्यायची सवयच असते काहींना." 'काहींना' म्हणताना ते बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. त्या शब्दामागे काय होतं, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मी चहा पीत होतो. मी चहा संपवला.

बाईंनी जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल वाट पाहिली. मला टाळलं नाही, टोचून बोलल्या नाहीत. उलट रोज संध्याकाळी पाच मिनिटं माझ्या टेबलापाशी थांबायच्या, हात मागे बांधून, काही न बोलता. मग "येते" म्हणून जायच्या. मी तोंड उघडावं म्हणून त्या थांबत होत्या, हे कळायला गणित लागत नव्हतं. आता वाटतं, आयुष्यात माझी इतकी वाट कुणीच पाहिली नाही.

मे महिन्यात संस्थेनं त्यांची बदली राजूरच्या शाखेत केली. टोळी बंद झाली. प्रयोगशाळेच्या कपाटाचा ताबा मी घेतला. यादीप्रमाणे वस्तू मोजून देताना बाईंनी शेवटी वही माझ्या हातात ठेवली. "एक नोंद राहिलीय. तेवढी पुरी करा," म्हणाल्या.

घरी जाऊन उघडली. शबानाच्या नोंदीवर लाल शाईची सरळ रेघ, आणि खाली बाईंचं अक्षर: 'ही चूक शबानाची नव्हती.' त्याखाली नवी नोंद. 'डाव्या मोटारीचा जोड कच्चा होता. मुले तिथपर्यंत पोचण्याआधी दुरुस्त केला गेला. चूक:' आणि पुढे मोकळी जागा.

जूनमध्ये मी कायम झालो. ती वही मी शाळेतल्या कपाटात कधीच ठेवली नाही. तीन भाड्याची घरं, मग स्वतःचं घर, सगळीकडे ती आली. पुढे राजूरकडच्या एका शिक्षकानं सांगितलं, तिथल्या शाळेत एक बाई आहेत, डोंगरातल्या पोरांकडून पाणी चढवायची खेळणी करून घेतात आणि स्वतः बोट लावत नाहीत. मी म्हणालो, "असं का?"

मागच्या महिन्यात शबानाचा फोन आला. ती आता एका तंत्रनिकेतनात शिकवते. साळवे बाई गेल्या, हे तिनंच सांगितलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "सर, एक विचारू? तो जोड बाईंनीच दिला होता ना? मी लहान होते, पण माझा फार राग बसला त्यांच्यावर. आपल्यावर विश्वास नव्हता त्यांचा, असं वाटलं. त्यानंतर कधी भेटायला गेले नाही."

मी म्हणालो, "मी दिला होता."

मग तिनं विचारलं, "बाईंना माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"आणि त्या काही बोलल्या नाहीत."

"नाही."

"सर," ती म्हणाली. फोन तिनंच ठेवला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ वगैरे करून मी वही काढली आणि मोकळ्या जागेत सही केली. वही शबानाला पाठवायचीय. ती घेईल की नाही, ठाऊक नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याआधी सातेक वर्षं. निवृत्तीनंतर त्या नगरला सावेडीत भाचीकडे राहतात, असं कळलं होतं. मी वही स्कूटरच्या डिकीत टाकून गेलो होतो, खिशात पेन. इमारतीच्या समोर रस्त्याच्या पलीकडे स्कूटर लावली आणि बघतो तर बाई खाली पार्किंगमध्येच. केस पूर्ण पांढरे. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीची सायकल उलटी ठेवलेली, साखळी निसटलेली. मुलगी ती चढवत होती. चढायची, पेडल फिरवलं की पुन्हा पडायची. बाई वाकून उभ्या, हात मागे, मनगट धरलेलं.

वॉचमन आला, मुलीसमोर बसला, हात पुढे केला. त्यानं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. बाईंनी एक हात सोडून त्याच्या खांद्यावर ठेवला, त्याला हलकेच मागे घेतलं आणि हात पुन्हा पाठीमागे नेला. वॉचमन ओशाळून हसला आणि त्यांच्याशेजारीच उभा राहिला.

मी ठरवलं, साखळी बसली की जायचं. मध्ये पडायला नको. दहा मिनिटं गेली असतील, पंधरा. रिक्षा जात होत्या, मध्येच एखादी आडवी थांबायची, मी मान काढून बघायचो. केव्हातरी ध्यानात आलं, माझेही हात मागे गेलेत आणि मनगट दुखतंय.

मग ती बसली. मुलीनं पेडल फिरवलं, चाक फिरत राहिलं. तिनं काळे झालेले पंजे वर करून बाईंना दाखवले. बाईंचे हात पुढे येतील, टाळ्या वाजतील, म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी फक्त मान मागे टाकली, घसरलेल्या चष्म्यातून फिरणारं चाक पाहिलं, आणि ते आपोआप थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

मी रस्ता ओलांडला नाही.